ऑन्टारियो : मुदत दोनदा हुकली, कोळसा मात्र गेला

थंडर बे हे कॅनडातलं लेक सुपीरियरच्या काठावरचं शहर. एप्रिल २०१४ मध्ये तिथल्या औष्णिक केंद्रातला उरलासुरला कोळसा जाळून संपला आणि ऑन्टारियो प्रांतात कोळशावर वीज बनणं थांबलं. अकरा वर्षांपूर्वी, २००३ मध्ये, याच प्रांताची पाव वीज कोळशाची होती. पाच केंद्रं, मिळून सुमारे साडेसात हजार मेगावॅट. आपल्या मापात सांगायचं तर चंद्रपूरसारखी अडीच केंद्रं.

ही हकिकत सहसा दोन प्रकारे सांगितली जाते. एक बाजू म्हणते, राजकीय इच्छाशक्ती असली की सगळं होतं. पवनचक्क्या लावल्या, कोळसा बंद केला. दुसरी बाजू म्हणते, हवा फारशी सुधारली नाही, विजेची बिलं मात्र आभाळाला भिडली. दोघांनीही आपल्याला हवं तेवढंच उचललेलं असतं. मला रस आहे तो तिसऱ्याच गोष्टीत. सरकारने जाहीर केलेली मुदत दोनदा हुकली, त्यावरून सरकारची यथेच्छ टर उडाली, आणि तरीही काम तडीस गेलं. मुदतवाढ म्हटलं की पुढे काय होतं ते आपल्याला तोंडपाठ असतं. इथे तसं झालं नाही. ते का, हे तपशिलात पाहण्यासारखं आहे.

कोळसा मुळात आला कसा

ऑन्टारियोत कोळशाच्या खाणी नाहीत. दक्षिणेतल्या मोठ्या केंद्रांचा कोळसा बहुतांशी अमेरिकेतून यायचा, सरोवरांतून जहाजाने. प्रांताची विजेची परंपरा पाण्याची, नायगाराची. पुढे त्यात अणुवीज आली : पिकरिंग, ब्रूस, डार्लिंग्टन. कोळसा होता, पण मागणी चढली की हात देण्यापुरता.

मग ऑगस्ट १९९७ मध्ये ‘ऑन्टारियो हायड्रो’ या तेव्हाच्या सरकारी वीज कंपनीने एकदम सात अणुभट्ट्या थांबवायचा निर्णय घेतला. पिकरिंगच्या जुन्या चार आणि ब्रूसच्या तीन. अपघात झाला नव्हता. देखभालीतली आणि व्यवस्थापनाची हेळसांड वर्षानुवर्षं साचत गेली होती, आणि शाबूत भट्ट्यांकडे नीट लक्ष द्यायचं तर बाकीच्या बाजूला ठेवाव्या लागतील, असा तो हिशोब होता. एवढी वीज भरून काढायला हाताशी होतं काय? कोळशाची केंद्रं. १९९५ ते २००० या पाच वर्षांत कोळशाची वीज दुपटीच्या वर गेली.

हा तपशील बहुतेक लेखांत एका ओळीत उरकतात, पण सगळ्या प्रकरणाची गोम इथेच आहे. कोळसा इथे कायम नोकरीवरचा नव्हता. अणुभट्ट्या रजेवर गेल्या म्हणून जादा पाळी करणारा होता. त्या कामावर परतल्या की त्याला सोडता येणार होतं. ज्या राज्याची वीज पहिल्यापासून कोळशावरच उभी आहे, त्याने ऑन्टारियोचं उदाहरण घेताना हे आधी लक्षात ठेवावं.

डॉक्टरांनी लावून धरलं

हवामान बदलाचा मुद्दा तेव्हा चर्चेत होता, पण लोकांना हलवलं ते दम्याने. उन्हाळ्यात टोरंटो आणि आसपास धुरकं साचायचं आणि ‘स्मॉग ॲडव्हायजरी’ निघायची : म्हाताऱ्यांनी घरात थांबावं, मुलांना मैदानावर सोडू नये. १९९८ मध्ये ऑन्टारियो मेडिकल असोसिएशनने हवेचं प्रदूषण हे सार्वजनिक आरोग्यावरचं संकट असल्याचं जाहीर केलं. पाठोपाठ २००० मध्ये याच डॉक्टरांच्या संघटनेने पैशांतला हिशोब मांडला : हवेच्या प्रदूषणामुळे प्रांतात वर्षाला सुमारे १,९०० अकाली मृत्यू, आणि रुग्णालयाचा खर्च व बुडालेले कामाचे दिवस धरून एक अब्ज डॉलरच्या वर भुर्दंड.

डॉक्टर बोलले की फरक पडतो. पर्यावरणवाल्यांना ‘विकासविरोधी’ म्हणून झटकता येतं. फॅमिली डॉक्टरला तसं झटकता येत नाही. ‘ऑन्टारियो क्लीन एअर अलायन्स’ ही १९९७ मध्ये उभी राहिलेली आघाडी याच मुद्द्यावर चिकाटीने काम करत होती. तिचे प्रमुख जॅक गिबन्स यांनी मागणी एकाच वाक्याची ठेवली : कोळशाची पाचही केंद्रं बंद करा. उत्सर्जनाची टक्केवारी, व्यापारयोग्य परवाने, असल्या गुंतागुंतीत ते शिरले नाहीत. पाच केंद्रांची नावं लोकांना ठाऊक होती, त्यांची धुरांडी दिसत होती. मागणी डोळ्यांना दिसत असेल तर ती मतपेटीपर्यंत पोहोचते.

पुढे २००५ मध्ये सरकारनेच करवून घेतलेल्या खर्च-लाभ अभ्यासात फक्त कोळशाच्या केंद्रांचा वाटा वेगळा काढला गेला. वर्षाला ६६० च्या वर अकाली मृत्यू, ९०० च्या वर रुग्णालयातले प्रवेश, तातडीच्या विभागातल्या १,१०० फेऱ्या. आरोग्य आणि पर्यावरणाचा खर्च मिळवला तर कोळशाच्या विजेची खरी किंमत वर्षाला ४.४ अब्ज डॉलर निघाली. केंद्रं चालवण्याचा निव्वळ खर्च त्याच्या पाव हिश्शाइतकाही नव्हता. बाकीचं बिल दवाखान्यांत फाटत होतं. हे आकडे प्रतिमानातून काढलेले आहेत, मोजून आणलेले नाहीत. त्यावरचा वाद पुढे येतोच.

२००७, मग २००९, मग २०१४

कोळशाविरुद्ध पहिला प्रत्यक्ष आदेश काढला तो कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने. २००१ मध्ये पर्यावरणमंत्री एलिझाबेथ विटमर यांनी मिसिसॉगातल्या लेकव्ह्यू केंद्राला एप्रिल २००५ पर्यंत कोळसा जाळणं थांबवायला सांगितलं. २००२ मध्ये विधिमंडळाच्या सर्वपक्षीय समितीने सगळीच केंद्रं २०१५ पर्यंत बंद करावीत असं सुचवलं. म्हणजे २००३ ची निवडणूक आली तेव्हा ‘बंद करायचं का’ हा प्रश्न उरला नव्हता, बोली तारखेवर लागली होती. कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणाले २०१५. लिबरल पक्षाचे डाल्टन मगिंटी म्हणाले २००७.

मतदान होतं २ ऑक्टोबरला. त्याच्या दीड महिना आधी, १४ ऑगस्ट २००३ रोजी, ओहायोपासून सुरू झालेल्या बिघाडाने ऑन्टारियो आणि अमेरिकेतली आठ राज्यं अंधारात बुडाली होती. सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. अशा उन्हाळ्यानंतर चार वर्षांत पाव वीज बंद करू म्हणणारा पक्ष निवडून आला, ही गोष्ट मला आजही चकित करते.

चार वर्षांत साडेसात हजार मेगावॅट! ज्याने एखाद्या वीज प्रकल्पाची जमीन, परवाने, टर्बाइनची मागणी, वाहिन्यांचे मनोरे हे सगळं जवळून पाहिलं आहे, तो ही तारीख ऐकून हसलाच असता. झालंही तसंच. जून २००५ मध्ये सरकारने कबूल केलं की लेक ईरीच्या काठावरचं नँटिकोक २००९ पर्यंत चालवावं लागेल. वर्षभरात कळून चुकलं की २००९ सुद्धा जमणार नाही. १ ऑगस्ट २००६ च्या उकाड्यात प्रांताची मागणी २७,००५ मेगावॅटवर गेली. हा विक्रम अजून मोडलेला नाही. त्या दिवशी कोळसा नसता तर भारनियमन अटळ होतं. अखेर २००७ मध्ये नियम निघाला : ३१ डिसेंबर २०१४ नंतर ऑन्टारियोत कोळशावर वीज बनणार नाही. ज्या विरोधकांच्या २०१५ ला लिबरलांनी ढिलाई म्हटलं होतं, त्यांच्याच तारखेला येऊन ते टेकले.

टर उडाली ती इथे. पण मधल्या वर्षांत काय होत होतं ते पाहा. लेकव्ह्यू ठरल्या दिवशी, ३० एप्रिल २००५ रोजी, बंद झालं. तिथली चार उंच धुरांडी, ‘फोर सिस्टर्स’, सरोवरातल्या नावाड्यांना खुणेची होती. जून २००६ मध्ये ती सुरुंग लावून पाडली. या पाडण्याला एक वेगळा अर्थ होता. धुरांडी उभी असली की ‘गरज पडली तर पुन्हा चालू करू’ असं म्हणायला जागा राहते.

मे २००८ मध्ये सरकारने आणखी एक गोष्ट केली, जिची बातमी फारशी झाली नाही. बंद व्हायच्या तारखेची वाट न पाहता चालू असलेल्या केंद्रांच्या कार्बन उत्सर्जनालाच वर्षाची मर्यादा घातली. ती दरवर्षी खाली येणार होती आणि २०११ पासून वर्षाला १.१५ कोटी टनांवर थांबणार होती, म्हणजे २००३ च्या सुमारे एक तृतीयांशावर. ही मर्यादा पाळायची कशी? वीज बाजारात सगळ्यात स्वस्त बोली लावणारं केंद्र आधी चालतं, आणि कोळसा स्वस्त होता. म्हणून केंद्रांची मालक असलेल्या कंपनीने कोळशाच्या बोलीत स्वतःहून एक अधिभार मिसळला, जेणेकरून गॅस आणि आयात वीज आधी चालेल आणि कोळशाचा नंबर मागे जाईल. संच तसेच उभे, कामगार हजर, उकाड्याच्या लाटेत हाताशी. पण एरवी थंड. तारीख लांबली तरी धूर लांबला नाही.

मग एकेक संच उतरत गेले. ऑक्टोबर २०१० मध्ये चार : दोन नँटिकोकचे, दोन लँबटनचे. २०११ च्या अखेरीस नँटिकोकचे आणखी दोन. सप्टेंबर २०१२ मध्ये ॲटिकोकनने कोळसा सोडला. सप्टेंबर २०१३ मध्ये लँबटन, आणि २०१३ च्या शेवटच्या दिवशी नँटिकोकचे उरलेले संच, म्हणजे नियमातल्या तारखेच्या वर्षभर आधी. नँटिकोक हे आठ संचांचं, जवळपास चार हजार मेगावॅटचं केंद्र. उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या कोळसा केंद्रांपैकी एक.

हे जमलं त्यामागे एक साधी, कंटाळवाणी गोष्ट आहे. पाचही केंद्रांचा मालक एकच होता : ‘ऑन्टारियो पॉवर जनरेशन’, आणि ती कंपनी पूर्णपणे प्रांत सरकारच्या मालकीची. खाजगी कंपन्यांशी झालेले पंचवीस वर्षांचे वीजखरेदी करार मोडायचे नव्हते, भरपाईचे दावे नव्हते. मालकाने स्वतःचीच मालमत्ता बाजूला ठेवायची होती. खाण नसल्यामुळे खाणकामगारांचा मतदारसंघही नव्हता. त्यामुळे ऑन्टारियोचा धडा घेताना ‘इच्छाशक्ती’ हा शब्द जरा जपून वापरावा असं मला वाटतं. इच्छा होती, पण समोरचा अडथळाही इतरांपेक्षा बराच ठेंगणा होता.

मग वीज आली कुठून

पवनचक्क्या फोटोत छान येतात. पण कोळसा संपला त्या २०१४ साली प्रांताच्या ग्रिडवरची वीज अशी होती : अणू ६२ टक्के, पाणी २४, गॅस १०, वारा ४. म्हणजे पोकळीचा मोठा भाग भरला तो अणुभट्ट्यांनी. पिकरिंगच्या जुन्या चारांपैकी दोन २००३ आणि २००५ मध्ये परत आल्या. ब्रूसच्या ‘अ’ केंद्रातल्या दोन २००३-०४ मध्ये, आणि उरलेल्या दोन संपूर्ण नूतनीकरण करून २०१२ मध्ये. ते नूतनीकरण लांबलं, खर्च अंदाजाच्या बराच वर गेला. कोळसाबंदीच्या तारखेचं भवितव्य बऱ्याच अंशी या भट्ट्यांच्या हातात होतं.

भट्ट्या दुरुस्त करून भागत नाही. ब्रूस लेक ह्युरॉनच्या काठावर, वीज हवी टोरंटोच्या आसपास. म्हणून ब्रूसहून मिल्टनला ५०० केव्हीची दुहेरी वाहिनी टाकली, १८० किलोमीटर, २०१२ मध्ये सुरू झाली. शिवाय नँटिकोक एवढं मोठं होतं की त्याच्या आधाराने दक्षिणेकडच्या ग्रिडचं व्होल्टेज तोललं जायचं. ते गेल्यावर हा आधार द्यायला त्याच भागात वेगळी उपकरणं बसवावी लागली. केंद्र बंद करताना फक्त मेगावॅट मोजणाऱ्यांच्या नजरेतून हे नेहमी सुटतं. मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. १२ ऑक्टोबर २०२० ला शहर अंधारात गेलं तेव्हा देशात विजेचा तुटवडा नव्हता, ती शहरात आणणाऱ्या वाटा बंद पडल्या होत्या.

आणि नशीब. २००५ मध्ये प्रांताने वर्षभरात १५७ अब्ज युनिट वीज वापरली होती. २००९ मध्ये १३९ अब्ज. २००८ च्या मंदीने कारखाने मंदावले, काही कायमचे गेले; जोडीला बचतीच्या योजना होत्या. कोळशाच्या जुन्या उत्पादनाच्या जवळपास निम्मी मागणीच नाहीशी झाली. सरकारी भाषणांत याचा उल्लेख शोधून सापडत नाही.

‘स्वच्छ कोळसा’ का नाकारला

एक रास्त प्रश्न तेव्हाही विचारला गेला. लँबटनच्या दोन संचांवर गंधक धुऊन काढणारी यंत्रणा होती, म्हणजे आपण ज्याला एफजीडी म्हणतो ती. नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी यंत्रणाही होती. त्या संचांचा धूर जुन्या संचांच्या मानाने कितीतरी साफ. मग सगळीकडे हेच बसवा आणि केंद्रं चालू ठेवा, असं वीज कामगारांच्या संघटनेचं म्हणणं होतं. जाहिराती देऊन त्यांनी ते मांडलं. आरोग्याचाच प्रश्न असेल तर हे उत्तर चुकीचं नव्हतं. २००५ च्या त्या अभ्यासातही हा पर्याय तपासला होता. नुसत्या कोळशापेक्षा तो चांगला निघाला, पण अणू आणि गॅसच्या जोडीपेक्षा महाग. शिवाय एवढा पैसा घालून यंत्रणा बसवली की केंद्र आणखी वीस वर्षं चालवणं भाग पडतं, आणि कार्बन तसाच राहतो. सरकारने तो मार्ग बंद केला.

इथे आपल्याकडचं उदाहरण आठवल्याशिवाय राहत नाही. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा आखली, आणि जुन्या केंद्रांना दोन वर्षं दिली. दोनाची सात झाली. मग वर्गवारी करून आणखी, पुन्हा आणखी. जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना या अटीतूनच मोकळं केलं. दिल्ली परिसर आणि दहा लाखांवरच्या शहरांच्या दहा किलोमीटरांतल्या केंद्रांना मात्र ती लागू राहिली. भारतीय कोळशात गंधक कमी असतं हा त्यामागचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. पण मुदतवाढीचे हे दोन नमुने शेजारी ठेवून पाहा. तिकडे प्रत्येक मुदतवाढीसोबत काहीतरी बंद होत होतं, काहीतरी पाडलं जात होतं, चालू संचांवरची मर्यादा खाली येत होती. इकडे प्रत्येक मुदतवाढीसोबत फक्त नवी तारीख येत गेली.

गॅसने केलेला घात

कोळशाच्या जागी शहराजवळ गॅसची केंद्रं हवी होती. टोरंटोच्या बंदर भागात ५५० मेगावॅटचं पोर्टलँड्स झालं. पण ओकव्हिल आणि मिसिसॉगात रहिवासी रस्त्यावर उतरले. कोळसा नको म्हणणारे हेच लोक होते, आणि त्यांना परसात गॅसही नको होता. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. आपल्या घराजवळ चिमणी कोणालाच नको असते. सरकारने ऑक्टोबर २०१० मध्ये ओकव्हिलचा प्रकल्प रद्द केला. मिसिसॉगाचा रद्द केला तो सप्टेंबर २०११ मध्ये, प्रांताच्या निवडणुकीला जेमतेम दोन आठवडे असताना. तोपर्यंत तिथे बांधकाम सुरू झालेलं होतं.

त्या भागातल्या विधिमंडळाच्या जागा वाचल्या, पण करार मोडल्याची किंमत महालेखापरीक्षकांच्या दोन अहवालांत बाहेर आली : मिसिसॉगा सुमारे २७.५ कोटी डॉलर, ओकव्हिल सुमारे ६७.५ कोटी. दोन्ही मिळून ९५ कोटी डॉलर, एक युनिट वीज न बनवता. मगिंटींनी ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रीमियरपदाचा, म्हणजे प्रांताच्या मुख्यमंत्रिपदाचा, राजीनामा जाहीर केला. या प्रकरणातल्या संगणकांवरच्या नोंदी पुसल्याबद्दल त्यांचे माजी कार्यालयप्रमुख डेव्हिड लिव्हिंगस्टन यांना २०१८ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. मिसिसॉगाचं केंद्र उचलून जिथे नेलं, ती जागा लँबटनच्या कोळसा केंद्राच्या बाजूची. तिथल्या लोकांना चिमणीची सवय होती, असं म्हणायचं का?

कोळसा बंद करण्याच्या या मोहिमेतला सगळ्यात बदनाम भाग कोळशाशी संबंधित नाही, तो गॅसशी आहे. लोकांच्या लक्षातही तोच राहिला.

बिल

२००९ च्या हरित ऊर्जा कायद्याखाली घराच्या छपरावर छोटी सौर यंत्रणा बसवणाऱ्याला युनिटमागे ८०.२ सेंट दर मिळाला, वीस वर्षांसाठी. तेव्हा घरगुती ग्राहकाचा ऊर्जा आकार दहा सेंटांच्या आत होता. एवढा दर दिला तर कोण पॅनल बसवणार नाही? पॅनलच्या किमती पुढे वेगाने पडल्या, करार मात्र जुन्या दराने चालू राहिले.

हे सगळे जादा खर्च ‘ग्लोबल ॲडजस्टमेंट’ नावाच्या आकाराखाली ग्राहकाकडे जायचे. महावितरणच्या बिलातला इंधन समायोजन आकार ज्यांनी भरला आहे त्यांना ही गंमत कळेल : मूळ दर हलत नाही, पण खालची ओळ फुगत जाते. २०१५ मध्ये महालेखापरीक्षकांनी सांगितलं की २००६ ते २०१४ या काळात ग्राहकांनी बाजारभावाच्या वर ३७ अब्ज डॉलर मोजले. टीकाकार हा आकडा सरसकट कोळसाबंदीच्या खात्यावर लिहितात. ते बरोबर नाही. त्यात अणू, पाणी, गॅस सगळ्यांचे करार आहेत, आणि बराचसा खर्च जुनाट झालेली यंत्रणा बदलण्याचा, जो कोळसा ठेवला असता तरी आलाच असता. पण स्वयंपाकघरात बिल हातात घेऊन बसलेल्या माणसाला ही फोड कोण समजावणार? २०१८ च्या निवडणुकीत लिबरल पक्ष १२४ पैकी ७ जागांवर आला. कारणं बरीच होती. विजेचं बिल त्यांत अग्रभागी होतं.

हवा किती सुधारली

२००५ मध्ये ऑन्टारियोत ५३ दिवस स्मॉगचा इशारा होता. २०१४ मध्ये एकही दिवस नव्हता. सरकार हे दोन आकडे शेजारी ठेवून थांबतं. पण दक्षिण ऑन्टारियोतल्या धुरक्याचा निम्म्याहून अधिक भाग सीमेपलीकडून, ओहायो खोऱ्यातल्या केंद्रांतून यायचा, हे खुद्द प्रांताच्याच पर्यावरण खात्याने आधी म्हटलं होतं. त्याच वर्षांत अमेरिकेतही नियम कडक झाले, शेल गॅस स्वस्त झाला, तिथलीही कोळसा केंद्रं मिटू लागली. गाड्याही साफ झाल्या. २०१७ मध्ये फ्रेझर इन्स्टिट्यूटसाठी रॉस मॅकिट्रिक आणि एल्मिरा अलियाकबारी यांनी सांख्यिकी विश्लेषण करून दाखवलं की सूक्ष्म कणांच्या पातळीवर कोळसाबंदीचा परिणाम अगदी थोडा होता. ही संस्था बाजारवादी विचारांची म्हणून प्रसिद्ध आहे, पण तेवढ्यावरून तो अभ्यास बाजूला सारता येत नाही.

माझं मत असं. ५३ वरून शून्य, याचं सगळं श्रेय पाच केंद्रांना देणं ही अतिशयोक्ती. पण कार्बनच्या बाबतीत वादाला जागा नाही. तो मोजायला वाऱ्याची दिशा लागत नाही. जाळलेला कोळसा मोजला की झालं. वर्षाला सुमारे तीन कोटी टन कमी झाले, आणि ते परत आले नाहीत. गंमत अशी की मोहीम चालली आरोग्याच्या नावावर आणि खात्रीचा लाभ झाला हवामानाला.

केंद्रांच्या गावात

ॲटिकोकन हे तीन हजारांहून कमी वस्तीचं गाव. तिथलं केंद्र लाकडाच्या गोळ्यांवर चालेल असं बदलून २०१४ मध्ये परत सुरू केलं. २०५ मेगावॅट, वीज महाग, पण गाव टिकलं. थंडर बे इथेही २०१५ मध्ये तसाच प्रयोग झाला, खास प्रक्रिया केलेल्या, परदेशातून आणलेल्या गोळ्यांवर. बॉयलर गंजला आणि २०१८ मध्ये ते केंद्र कायमचं मिटलं. नँटिकोकच्या कामगारांपैकी बरेच जण त्याच सरकारी कंपनीच्या अणू आणि जल केंद्रांत गेले, बाकीचे निवृत्त झाले. मालक एकच असण्याचा फायदा इथे कामगारांनाही मिळाला. नँटिकोकच्या जागेवर २०१९ पासून ४४ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, त्यात सिक्स नेशन्स आणि मिसिसॉगाज ऑफ द क्रेडिट या दोन मूलनिवासी समाजांची भागीदारी आहे. चार हजारांच्या जागी चव्वेचाळीस. हे वाचून हसणाऱ्यांनी ब्रूसच्या भट्ट्या पुन्हा एकदा मोजाव्यात.

महाराष्ट्रात महानिर्मितीही सरकारीच आहे, म्हणजे एक चावी आपल्याकडेही आहे. बाकीच्या चाव्या नाहीत. चंद्रपूरला केंद्र आणि वेकोलिच्या खाणी एकाच जिल्ह्यात, दोन्हींवर पोटं अवलंबून. रजेवरून परतायला अणुभट्ट्या नाहीत. गॅसवरचा १,९६७ मेगावॅटचा दाभोळ प्रकल्प आहे, पण परवडणाऱ्या गॅसअभावी तो वर्षानुवर्षं अर्धाअधिक झोपलेला. मागणी तर वाढतेच आहे. कोराडीत जुने लहान संच मोडीत निघाले ही गोष्ट खरी, पण त्याच आवारात ६६० मेगावॅटचे तीन नवे उभे राहिले. संच बंद होणं आणि कोळसा कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी. ऑन्टारियोतून उचलण्यासारखी असेल तर २००८ ची ती मर्यादा आहे : केंद्र उभं असू दे, पण त्याने वर्षाला जाळायचा कोळसा लेखी ठरवा, आणि तो दरवर्षी उतरता ठेवा. त्यासाठी अणुभट्टी लागत नाही.

ऑन्टारियोत २०१५ मध्ये कोळशावर वीज बनवायला बंदी घालणारा कायदा आला. २०१८ मध्ये सत्तेवर आलेल्या डग फोर्ड सरकारने साडेसातशेच्या वर अक्षय ऊर्जेचे करार रद्द केले. कोळशाच्या बंदीला हात लावला नाही. आता प्रश्न गॅसचा आहे. २०१७ मध्ये गॅसचा वाटा ४ टक्क्यांवर उतरला होता. मग डार्लिंग्टन आणि ब्रूसच्या भट्ट्या एकामागून एक नूतनीकरणासाठी थांबू लागल्या, मागणी पुन्हा चढू लागली, आणि २०२३ मध्ये तो १३ टक्क्यांवर गेला. पिकरिंगच्या परत आणलेल्या दोन जुन्या भट्ट्या २०२४ मध्ये कायमच्या बंद झाल्या आहेत.